रेंज गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

मावशीचा फोन आला, तोही काकांच्या नंबरवरून. "अरे, सकाळपासून माझं नेटवर्क गेलंय. तीनदा बंद करून चालू केला, काही उपयोग नाही."

"वरच्या पट्टीत काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? नेटवर्क नाही."

"मावशी, मनाने सांगू नकोस. जे लिहिलंय तेच वाच."

थोडा वेळ शांतता. चष्मा शोधत असावी. "'सिम कार्ड नाही' असं लिहिलंय. पण कार्ड तर आतच आहे की!"

आता 'नेटवर्क नाही' आणि 'सिम कार्ड नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ असा की फोनला कार्ड सापडलं, ते त्याने वाचलं, पण बाहेर टॉवरशी सूत जुळलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, गाडी टॉवरपर्यंत पोचलीच नाही, फोन आणि कार्ड यांचंच बोलणं बंद आहे. पहिल्या दुखण्यात गच्चीवर जाऊन बघण्यात हशील असतं. दुसऱ्यात डोंगरावर चढलात तरी फरक पडणार नाही. आपण मात्र दोन्हीला 'रेंज गेली' म्हणतो आणि दोन्हीवर एकच औषध देतो, बंद करून चालू कर. म्हणून दुरुस्तीच्या आधी फोन चालू केल्यावर आत काय काय घडतं ते एकदा पाहून घेऊ.

सिम कार्ड म्हणजे नुसती प्लास्टिकची चकती नव्हे. त्या सोनेरी पत्र्याखाली एक छोटा संगणक असतो, स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असलेला. पत्र्यावर रेघा मारून जे चौकोन पाडलेले दिसतात, ते त्याचे संपर्कबिंदू. एकातून वीज येते, एकातून ती परत जाते, एकातून कामाची लय सांभाळायला घड्याळासारखा ठेका मिळतो, एक त्याला नव्याने जागं करतं आणि एकातून माहितीची देवघेव चालते. पहिली सिम कार्डं १९९१ साली म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरियंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीसाठी बनवली, आणि ती बँकेच्या कार्डाएवढी मोठी होती. आजचं नॅनो कार्ड १२.३ गुणिले ८.८ मिलिमीटरचं. छाटलं गेलं ते बव्हंशी भोवतीचं प्लास्टिक, काम तेच राहिलं.

फोन चालू झाला की आधी या कार्डाला वीज देतो आणि त्याच्याकडून एक क्रमांक वाचून घेतो. हा तुमचा मोबाइल नंबर नव्हे. हा जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा वेगळाच क्रमांक असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन मोबाइल कंपनीचे, उरलेले तुमचे. फोन मग हवेत कान देतो. प्रत्येक टॉवर आपला देश आणि आपली कंपनी अखंड पुकारत असतो, त्यातून फोन आपल्या कंपनीचा आवाज शोधून काढतो आणि 'मी आलोय, आत घ्या' म्हणतो.

दारावर ओळख पटवावी लागते. कार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडीदार प्रत फक्त कंपनीच्या संगणकात असते. कंपनी एक कुठलाही आकडा पाठवते, कार्ड तो आकडा किल्लीबरोबर घुसळून उत्तर काढतं, कंपनीही आपल्याकडे तेच गणित करते. उत्तरं जुळली की दार उघडलं. किल्ली स्वतः कधीच कार्डाबाहेर पडत नाही, हवेतून जात नाही. त्यानंतर तुम्ही कुठल्या भागात आहात याची नोंद होते, म्हणजे कोणाचा कॉल आला तर त्या भागातल्या टॉवरांनी तुम्हाला हाक मारायची. आणि सगळ्यात शेवटी, या सगळ्यापासून वेगळी, इंटरनेटची वाट उघडली जाते.

कार्ड, टॉवर, ओळख, नोंद, इंटरनेट. साखळीचा कुठला दुवा निखळलाय ते फोन बऱ्याचदा स्वतःच सांगतो, आपण वाचत नाही इतकंच.

'सिम कार्ड नाही' किंवा 'सिम घाला' म्हणजे पहिला दुवा. 'सर्व्हिस नाही' म्हणजे कार्ड वाचलं, पण उपयोगाचा टॉवर ऐकू येत नाही. 'फक्त इमर्जन्सी कॉल' हा संदेश सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, कारण तेव्हा कधीकधी सिग्नलच्या काड्याही दिसतात. त्याचा अर्थ, टॉवर ऐकू येतोय, पण तो तुम्हाला आत घेत नाहीये. एक तर तो दुसऱ्या कंपनीचा आहे किंवा तुमच्याच कंपनीने दारातून परत पाठवलंय. अशा वेळीही ११२ लागू शकतो, कारण संकटकाळच्या कॉलला कुठल्याही कंपनीचा टॉवर वाट देतो. अनेक देशांत कार्ड नसलेल्या फोनवरूनही हा कॉल लागतो, सगळ्या देशांत नाही. आणि काड्या भरभरून, कॉलही लागतायत, फक्त नेट चालत नाही, असं असेल तर पहिले चार दुवे शाबूत आहेत. मग कार्ड काढून पुसत बसण्यात अर्थ नाही.

कार्डाचं दुखणं

मावशीकडे गेलो. फोन बंद केला, कडेच्या भोकात पिन घालून ट्रे बाहेर काढला. इथे एक सावधगिरी: फोनच्या कडेला मायक्रोफोनचंही तसंच बारीक भोक असतं आणि पिन त्यात खुपसून माइक फोडणारे लोक मी पाहिलेत. ट्रेचं भोक ट्रेच्या चौकटीतच असतं, पट्टीची रेघ बघून घ्यावी.

ट्रेमध्ये कार्ड बसवताना कापलेला कोपरा खाचेच्या कापलेल्या कोपऱ्याशी जुळला पाहिजे आणि कार्ड सपाट बसलं पाहिजे. सोनेरी बाजू मऊ, कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने हलकेच पुसायची. फारच मळ असेल तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावायचा आणि पूर्ण सुकू द्यायचं. खोडरबरने घासायचा उपाय सर्रास सांगितला जातो, मला तो आवडत नाही. सोन्याचा थर अगदी पातळ असतो, तो रबराने मळाबरोबरच झिजतो.

मावशीचं कार्ड स्वच्छ होतं, पण कडा वेड्यावाकड्या. म्हणजे मूळचं मोठं कार्ड कधीतरी कात्रीने कापून नॅनो केलेलं. यात एक फसवी गोष्ट आहे. जुनी मोठी कार्डं ०.७६ मिलिमीटर जाडीची असत, नॅनो ०.६७ मिलिमीटरचं असतं. कात्री लांबी-रुंदी कमी करते, जाडी नाही. मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, पण खाचेच्या आत कार्डावर टेकणाऱ्या ज्या केसाएवढ्या स्प्रिंगा असतात, त्यांना तो दहावा भागही जड जातो.

आता खरी परीक्षा. सिमच्या तक्रारीत मला सगळ्यात विश्वासू वाटते ती अदलाबदल. तुमचं कार्ड दुसऱ्या चालू फोनात घाला आणि दुसरं चालू कार्ड तुमच्या फोनात. दोन्ही गोष्टी करायच्या, एकावर थांबायचं नाही. तुमचं कार्ड दुसरीकडेही मुकं राहिलं तर कार्ड गेलं, कंपनीकडून त्याच नंबरचं नवं घ्या. दुसरं कार्ड तुमच्या फोनात मुकं राहिलं तर खोट फोनात. दोन्हीकडे सगळं चाललं तर कार्ड नीट बसलं नव्हतं एवढंच. आणि तुमचं कार्ड दुसऱ्या फोनात वाचलं जातंय पण तिथेही 'फक्त इमर्जन्सी' म्हणतंय, तर अडचण कंपनीच्या वहीत आहे: मुदत संपली असेल, नंबर बंद केला असेल, कागदपत्रं अडली असतील. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि दुरुस्तीच्या टेबलावर जाण्याआधीच अर्धा वाद मिटतो.

काकांचं कार्ड मावशीच्या फोनात घातलं: 'सिम कार्ड नाही'. मावशीचं कार्ड काकांच्या फोनात: काही सेकंदांत चार काड्या. "बघ, माझं कार्ड चांगलंच होतं," मावशी म्हणाली, जणू कोणी तिच्यावरच आळ घेतला होता. टॉर्च लावून खाचेत डोकावलो. ओळीने उभ्या स्प्रिंगांमधली एक चेपून तळाशी चिकटली होती. ती सुईने उचलायचा मोह होतो, मी तो आवरला, कारण ती तुटली की मदरबोर्डापर्यंत काम जातं. फोनला दोन कार्डांचा ट्रे होता. दुसऱ्या जागेत काकांचं कार्ड घातलं आणि ते चाललं. मावशीला मात्र म्हटलं, हे कापलेलं कार्ड त्यात घालू नकोस, नवं नॅनो घे.

नव्या कार्डाने एक गोष्ट फुकटात झाली. वरच्या पट्टीत प्रथमच ४जी उमटलं. फार जुनी कार्डं निव्वळ २जीच्या जमान्यातली असतात, ३जीपासून आलेल्या नव्या जातीची नसतात, आणि ४जीच्या नियमांतच अशा जुन्या कार्डाला प्रवेश नाही. म्हणजे फोन ४जीचा, टॉवर ४जीचा, पैसे ४जीचे, आणि मधलं कार्ड दार अडवून उभं. मावशी इतकी वर्षं फोनला दोष देत होती.

याच दुव्यावरचा आणखी एक खोडा म्हणजे पिन, म्हणजे कार्डाच्या कुलपाचा गुप्त आकडा. कार्डाला कुलूप लावलं असेल तर तीनदा चुकीचा पिन टाकल्यावर ते पीयूके मागतं. हा आठ आकडी क्रमांक कार्ड ज्या मोठ्या प्लास्टिकमधून मोडून काढलं त्यावर छापलेला असतो किंवा कंपनी देते. अंदाजाने टाकू नका. दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं निकामी होतं आणि ते कोणीही उघडून देऊ शकत नाही.

'हे सिम चालणार नाही' अशा अर्थाचा संदेश आला आणि कार्ड इतरत्र चालत असेल, तर फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असू शकतो. हप्त्यावर घेतलेल्या किंवा परदेशातून आणलेल्या फोनांत हे आढळतं. ते कुलूप ती मूळ कंपनीच सोडवते. जुना फोन विकत घेताना मात्र आणखी एक गोष्ट पाहा. *#०६# डायल केलं की पंधरा आकड्यांचा आयएमईआय दिसतो, तो फोनचा स्वतःचा क्रमांक. चोरीच्या तक्रारीवरून तो काळ्या यादीत गेला असेल तर कितीही नवं कार्ड घाला, नेटवर्क आत घेणार नाही.

टॉवर आणि तुम्ही

कार्ड ठीक असेल तर पहिला उपाय फ्लाइट मोड. दहा-पंधरा सेकंद चालू ठेवायचा आणि बंद करायचा. याने फोन नेटवर्कचा निरोप घेतो आणि शोध, ओळख, नोंद हे सगळं पहिल्यापासून करतो. प्रवासात कमजोर टॉवरला चिकटून राहिलेला फोन याने सुटतो. फोन रीस्टार्ट करणं हा त्याच्या पुढचा उपाय आहे. फोनमधला टॉवरशी बोलणारा भाग, म्हणजे मोडेम, हा स्वतंत्र सॉफ्टवेअरवर चालणारा वेगळाच संगणक असतो, आणि तोच अडकला असेल तर फ्लाइट मोडने तो हलत नाही, रीस्टार्टने नव्याने उठतो. त्यामुळे 'बंद करून चालू कर' हा सल्ला भाबडा नाही, फक्त तो कुठल्या दुखण्यावर लागू पडतो ते माहीत असावं.

याने भागलं नाही तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क ऑपरेटरची यादी काढा. 'आपोआप निवडा' बंद करून मिनिटभर थांबलं की आसपासच्या कंपन्यांची नावं येतात, त्यातली आपली निवडायची. यामागे एक गंमत आहे. एखाद्या नेटवर्कने फोनला 'तुला इथे परवानगी नाही' असं सांगितलं की फोन त्याचं नाव कार्डावरच्या एका छोट्या नकार-यादीत लिहून ठेवतो आणि नंतर आपण होऊन तिथे जातच नाही. कंपनीने चूक सुधारली तरी फोन रुसलेलाच. हाताने निवडून जोडणी झाली की ते नाव यादीतून निघतं. काम झालं की 'आपोआप' पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या प्रवासात नव्या भागात पोचल्यावर फोन गप्प बसेल.

काड्यांवर फार भरवसा ठेवू नये असं माझं मत आहे. किती सिग्नलला किती काड्या, हे फोन बनवणारा आपल्या मर्जीने ठरवतो. २०१० मध्ये आयफोन ४ च्या वेळी हात ठेवल्यावर काड्या गळतात अशी ओरड झाली, तेव्हा खुद्द अ‍ॅपलने जाहीर केलं की काड्या मोजायचं आपलं सूत्रच चुकीचं होतं आणि ते असायला हव्यात त्यापेक्षा जास्त काड्या दाखवत होतं. खरा आकडा डीबीएम या सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत फोनविषयीच्या माहितीत सिमच्या स्थितीखाली तो सापडतो. तो उणे असतो. ४जीवर उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० चालण्यासारखं, उणे ११५ च्या खाली कॉल तुटायला लागतात. हा आकडा दहाने घसरला की ताकद दहापट कमी होते. म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजार पटींचा फरक. हा आकडा बघत घरात फिरा, खिडकीजवळ आणि लोखंडी कपाटामागे काय होतं ते स्वतः पाहा. लिफ्टच्या धातूच्या पेटीत तर फोन गुदमरतोच.

कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरतात, म्हणून ७०० मेगाहर्ट्झचा सिग्नल घरात पोचतो आणि ३५०० मेगाहर्ट्झचा ५जी उंबरठ्यावर थकतो. घरात ५जी सतत येऊन-जाऊन असेल तर सरळ ४जीवर ठेवा. ही माघार नव्हे, बॅटरीही वाचते. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावून ओरडतो, म्हणून रेंज नसलेल्या जागी तो गरम होतो आणि चार्जिंग भराभर उतरतं. घरात वायफाय चांगलं असेल आणि कंपनी सोय देत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो.

दुसरीकडे, काड्या पूर्ण आणि तरी काहीच हलत नाही, असं गर्दीत होतं. सिग्नल म्हणजे रस्ता तुमच्या दारापर्यंत आहे एवढंच. त्यावर गाड्या किती, हे काड्या सांगत नाहीत. तिथे तुमच्या फोनचा दोष नाही आणि उपायही नाही, थोडं दूर सरका नाहीतर थांबा.

कॉल लागतो, नेट नाही

आधी साध्या गोष्टी: मोबाइल डेटा चालू आहे का, दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर लावलाय, पॅक शिल्लक आहे का, व्हीपीएन किंवा डेटा सेव्हर चालू राहिलाय का. फोनचं घड्याळही बघा. तारीख महिना-वर्षाने चुकली असेल तर सुरक्षित वेबसाइट त्यांची प्रमाणपत्रं तपासताना अडतात आणि 'नेट बंद' असा भास होतो.

त्यानंतर एपीएन. मोबाइल नेटवर्कमधून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणाऱ्या फाटकाचं हे नाव. एक अक्षर चुकलं तरी फाटक उघडत नाही, आणि कॉलवर त्याचा काही परिणाम नसतो. कंपनी बदलल्यावर किंवा जुना फोन वापरताना हे हमखास बिघडतं. एपीएनच्या यादीत 'मूळ सेटिंगवर आणा' असा पर्याय असतो, आधी तो वापरा, मग कंपनीने दिलेलं नाव हाताने भरा. नेटवर्क सेटिंग रीसेट हा शेवटचा उपाय. त्याने फोटो, संपर्क जात नाहीत, पण वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात.

उलट प्रकारही असतो, नेट धावतंय आणि कॉल लागत नाही. ४जी मुळात डेटासाठीच रचलेलं. त्यावरून बोलायचं तर व्होल्टी लागतं, आणि ते बंद असेल तर फोन कॉलपुरता ३जी किंवा २जीवर उतरतो. जिथे ती जुनी नेटवर्कं बंद झाली तिथे उतरायला जागाच उरत नाही. सेटिंग्जमध्ये व्होल्टी चालू करा. फोनमध्येच ती सोय नसेल तर त्याला इलाज नाही.

ई-सिममध्ये पुसायला कार्ड नाही, चेपायला स्प्रिंग नाही. चिप बोर्डावर जोडलेली, आणि कंपनीची ओळख, म्हणजे प्रोफाइल, बहुधा क्यूआर कोड स्कॅन करून त्यात उतरवून घ्यायची. धोका वेगळ्या ठिकाणी आहे: 'एकदा काढून परत घालू' ही सवय. प्रोफाइल डिलीट केलं की जुना क्यूआर कोड बहुधा पुन्हा चालत नाही, कंपनीकडून नवा घ्यावा लागतो. म्हणून ई-सिम डिलीट करायचं नाही, ती लाइन बंद करून चालू करायची. फोन पूर्ण रीसेट करतानाही तो ई-सिम पुसायचं का ते विचारतो, तिथे घाईत 'हो' म्हणू नका.

रेंज जाण्याचा एक प्रकार मात्र फोनशी खटपट करण्याचा नाही. तुम्ही त्याच खुर्चीत बसलाय, शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज आहे, आणि तुमची एकाएकी गेली ती आलीच नाही. कोणीतरी तुमच्या नावाने कंपनीकडून तुमच्याच नंबरचं दुसरं कार्ड काढलं असेल तर असंच होतं, कारण नवं कार्ड जागं झालं की तुमच्याजवळच्या कार्डातली किल्ली कंपनीच्या वहीतून उडते. त्यापुढचे सगळे ओटीपी त्या माणसाकडे. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातं त्यांचा फोन नंबर असाच पळवून ताब्यात घेतलं गेलं होतं. तेव्हा दोन-चार मिनिटं फ्लाइट मोड करून बघा, आणि नाही आली तर दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला विचारा: माझ्या नंबरवर आज नवं कार्ड निघालंय का? उत्तर 'हो' आलं तर नंबर तिथेच बंद करायला सांगा आणि लगेच बँकेला फोन लावा.